लेखकाचं नाव पडद्यावर थांबू द्या

माननीय मुख्य कार्यकारी अधिकारी,
प्रसार भारती, नवी दिल्ली, यांस



२०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये सारा देश घरात कोंडला गेला, तेव्हा दूरदर्शनने जुन्या मालिका पुन्हा दाखवल्या. ‘रामायण’ आणि ‘महाभारत’ यांची चर्चा सगळ्यात जास्त झाली. पण त्याच दिवसांत ‘देख भाई देख’ आणि ‘श्रीमान श्रीमती’ या विनोदी मालिकाही परत आल्या. रस्ते ओस पडलेले, शाळा बंद, घरातली म्हातारी माणसं धास्तावलेली, आणि पडद्यावर ‘श्रीमान श्रीमती’तला केशव कुलकर्णी काहीतरी सबब काढून शेजारणीच्या दारात उभा. त्या काळात ज्यांनी कुणी लोकांना रोज अर्धा तास हसवलं त्यांचे उपकार मोठे आहेत. त्या मालिकेतल्या जतीन कनाकिया आणि रीमा लागू यांची तेव्हा अनेकांनी आठवण काढली; दोघंही तोवर आपल्यातून गेलेले होते. मालिकेचे लेखक अशोक पाटोळे हेही नव्हते. ते २०१५ साली गेले. त्यांचं नाव मात्र फार थोड्यांच्या तोंडी आलं. त्याबद्दल आपल्याशी बोलायचं आहे.

मराठी नाट्यरसिकांना पाटोळ्यांची ओळख करून द्यायला नको. ‘आई रिटायर होतेय’ हे त्यांचं नाटक. आयुष्यभर घर ओढलेली बाई एक दिवस जाहीर करते की आता मी निवृत्त. भक्ती बर्वे यांनी ती आई उभी केली. गुजरातीत तेच ‘बा रिटायर थाय छे’ झालं आणि पद्माराणींच्या नावाशी कायमचं जोडलं गेलं. असा मराठी रंगभूमीवर घडलेला लेखक निर्माते अधिकारी बंधूंच्या या हिंदी मालिकेकडे गेला तो रिकाम्या हाताने गेला नाही. कोण कुठल्या दारातून येईल, कोण कुठे लपेल, कुणाच्या कानावर काय अर्धवट पडेल, हे नाटकातलं सगळं बांधकाम त्याच्या हातात होतं.

‘श्रीमान श्रीमती’चा आराखडा आठवून पाहा. शेजारी शेजारी दोन घरं. एका घरात केशव आणि कोकी कुलकर्णी, दुसऱ्यात चित्रपटातली नटी प्रेमा शालिनी आणि तिचा घर सांभाळणारा नवरा दिलरुबा. केशवला प्रेमाची भुरळ, दिलरुबाला कोकीची. चार माणसं आणि चार दिशांचे बाण, एवढंच भांडवल. हा धागा जरा जास्त ताणला तर सगळं चावट आणि ओंगळ होणार. सैल सोडला तर दोन आठवड्यांत मालिका संपणार. केशव प्रेमाच्या दारात जातो तेव्हा प्रेक्षकाला त्याची चीड येता कामा नये. कोकी भोळी असली तरी मूर्ख ठरता कामा नये. नवऱ्याने घर सांभाळणं हा त्याच्या हेटाळणीचा विषय होता कामा नये. आणि भाग संपताना चौघंही जिथून निघाले तिथेच परत पोचले पाहिजेत, कारण पुढच्या आठवड्यात डाव पुन्हा तिथूनच मांडायचा असतो.

हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे, आणि ज्यांनी कधी लिहिलेलं नाही त्यांच्या ते लक्षातही येत नाही. रडवणाऱ्या मालिकेत गोष्ट पुढे सरकते. लग्न होतं, मूल होतं, कुणीतरी मरतं, आणि त्या घटनाच लेखकाला पुढे ढकलतात. विनोदी मालिकेत लेखकाला असं काहीच मिळत नाही. दर आठवड्याला नवा प्रसंग रचायचा, तो कळसाला न्यायचा आणि मग असा उलगडायचा की कुणाचंच काही बदलणार नाही. म्हणूनच असा भाग कधीही, कुठूनही पाहता येतो. मागचं ठाऊक असायची गरज नसते. पंचवीस वर्षांनी, साथीच्या दिवसांत, ज्यांनी तो आधी कधी पाहिला नव्हता अशा मुलांनाही तो लागू पडतो. सगळ्यात जास्त वेळा पुन्हा दाखवलं जाणारं लेखन विनोदी लेखकाचं असतं, आणि त्याचे पैसे त्याला साधारणपणे एकदाच मिळतात. माझं सारं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे.

पाटोळ्यांच्या आराखड्याचं पुढे काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. २०१५ च्या मार्चमध्ये एका खासगी वाहिनीवर ‘भाभीजी घर पर हैं’ सुरू झाली. तीच दोन घरं, तेच उलटसुलट बाण. ‘श्रीमान श्रीमती’वरून ती सुचली हे लपून राहिलेलं नाही. तीही वर्षानुवर्षं चालली. पाटोळे त्याच वर्षी मे महिन्यात वारले. नव्या मालिकेचे लेखक मनोज संतोषी यांनी त्या जुन्या रचनेत स्वतःची भाषा, स्वतःचं गाव आणि स्वतःची माणसं भरली. तेही २०२५ च्या मार्चमध्ये गेले. रचना अजून हसवते आहे आणि ती रचणारे दोघंही नाहीत.

हिंदी व्यंगलेखक शरद जोशींचं उदाहरण आपल्या संस्थेच्या आणखी जवळचं आहे. उज्जैनला १९३१ साली जन्मलेला हा माणूस मध्य प्रदेश सरकारची नोकरी सोडून लेखणीवर जगायला निघाला आणि अखेर मुंबईकर झाला. कविसंमेलनात गद्य वाचून टाळ्या घ्यायची हिंमत त्याने केली. ‘नवभारत टाइम्स’मध्ये त्याने ‘प्रतिदिन’ हे सदर रोज लिहिलं. रोज! आठवड्याला एक विनोदी लेख लिहिताना भल्याभल्यांची दमछाक होते. १९८४ साली दूरदर्शनवर ‘ये जो है ज़िंदगी’ आली ती त्याच्याच लेखणीतून. कुंदन शाह दिग्दर्शक, शफी इनामदार, स्वरूप संपत, राकेश बेदी, आणि दर भागात वेगळं पात्र घेऊन येणारे सतीश शाह.

२०२५ च्या ऑक्टोबरात सतीश शाह गेले, तेव्हा त्या असंख्य पात्रांची आठवण निघाली आणि ते योग्यच झालं. इतका मोठा नट क्वचित होतो. पण दर आठवड्याला एक नवा माणूस आधी कुणीतरी कागदावर जन्माला घातला होता. त्याचं बोलणं, त्याची लकब, त्याचा हट्ट, तो त्या घरात नेमका का आला हे कारण. नटाने त्यात प्राण ओतला म्हणून लेखकाचा कागद कमी होत नाही.

शरद जोशी १९९१ साली गेले. अठरा वर्षांनी, २००९ मध्ये, सब टीव्हीवर ‘लापतागंज’ आली तेव्हा शीर्षकासोबतच शरद जोशींच्या कथांचा उल्लेख होता. त्यांना कधीही न वाचलेल्या घरांत त्यांचं नाव रोज संध्याकाळी पोचलं. ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’ने तर ‘चित्रलेखा’ या गुजराती साप्ताहिकातल्या सदरकाराचं नाव थेट मालिकेच्या नावात घेतलं. आज ते नाव पोराटोरांना माहीत आहे. लेखकाच्या नावाने प्रेक्षक कंटाळतो, ही समजूत म्हणूनच मला पटत नाही.

मराठीतही हेच दिसलं. ‘चला हवा येऊ द्या’मध्ये पोस्टमनच्या वेशातले सागर कारंडे पत्र वाचायचे, आणि हसायला बसलेली घरं डोळे पुसायची. ती पत्रं अरविंद जगताप यांनी लिहिली हे प्रेक्षकांना ठाऊक झालं, कारण ते सांगितलं गेलं. पुढे लोकांनी त्या पत्रांची पुस्तकं विकत घेतली. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’तले समीर चौघुले, प्रसाद खांडेकर लिहितात हेही लोक जाणतात, पण ते स्वतः रंगमंचावर उभे राहतात, त्यामुळे ती ओळख सोपी झाली. जो फक्त लिहितो, जो कधीच उजेडात येत नाही, त्याची ओळख करून देण्याचं काम प्रक्षेपण करणाऱ्यांचंच आहे.

आता या धंद्यातलं आयुष्य कसं असतं ते थोडं लिहितो. हिंदी-मराठी दैनंदिन मालिकांमध्ये कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे अशी वाटणी असते. मानधन दर भागामागे ठरतं, आणि भाग प्रक्षेपित झाल्यावर तीन महिन्यांनी ते हातात पडायचं, ही जुनी रीत. वाहिनीची मंजुरी, निर्मात्याची दुरुस्ती, कलाकाराची न जुळणारी तारीख, सगळ्यांचा भार शेवटी सीनवर येतो. सेटवर मेकअप करून मंडळी बसलेली असतात आणि सीन अजून यायचा असतो, हे तिथे रोजचं आहे. त्यातून विनोद लिहायचा म्हणजे आणखी एक परीक्षा. करुण प्रसंग थोडा ढिला पडला तर पार्श्वसंगीत तो सावरून घेतं. पंच पडला नाही तर तो कुणालाच सावरता येत नाही. टीआरपी घसरला की पहिली बदलली जाते ती लेखकांची फळी. आणि मालिका वर्षानुवर्षं चालली तर त्या यशात लेखकाचा लेखी वाटा काय, असं विचारलं की बहुतेक ठिकाणी शांतता.

कायदा मात्र शांत नाही. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. राज्यसभेत जावेद अख्तर तिच्या बाजूने पोटतिडकीने बोलले. चित्रपटासाठी लिहिणाऱ्याने सगळे हक्क लिहून दिले, तरी चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीत त्याचा समान वाटा राहतो, असं ही दुरुस्ती सांगते. कायद्यातल्या ‘चित्रपटा’च्या व्याख्येत कुठलंही दृश्यमुद्रण येतं, म्हणजे मालिकाही त्यात आल्या. हा वाटा लेखकाला दडपणाखाली सोडून द्यायला लावता येत नाही; तो वारसांकडे किंवा वसुली करणाऱ्या कॉपीराइट संस्थेकडेच जाऊ शकतो. आणि कलम ५७ तर त्याहून जुनं आणि साधं आहे: हक्क विकल्यानंतरही ‘हे मी लिहिलं’ असं म्हणण्याचा अधिकार लेखकाचाच. गीतकार आणि संगीतकार यांनी आयपीआरएस या आपल्या संस्थेमार्फत हा कायदा वापरात आणला. पटकथा-संवाद लिहिणाऱ्यांच्या हातात त्यातलं फारसं काही पडलेलं नाही. २०१२ च्या आधीच्या करारांना ही तरतूद कितपत लागू, यावर वकील वाद घालतील. घालू देत. सार्वजनिक प्रसारकाने कायद्याच्या किमान मर्यादेवर थांबायचं नसतं.

अमेरिकेतल्या लेखकांनी २०२३ मध्ये १४८ दिवस संप केला. आपली मालिका स्ट्रीमिंगवर पुन्हा पुन्हा पाहिली जाते तर त्याचा मोबदला वेगळा हवा, आणि मालिका मिळून लिहिणाऱ्या लेखकांच्या गटात ठरावीक माणसं असलीच पाहिजेत, हे त्यांनी करारात आणलं. तिथे पुनर्प्रक्षेपणाचा मोबदला हा कित्येक दशकांचा व्यवहार आहे, म्हणून भांडायला पायाखाली जमीन होती. आपल्याकडे ती जमीन तयार करण्याची सुरुवात सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेने करावी, ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही.

दूरदर्शनचं विनोदी लेखकाशी नातं काही कालपरवाचं नाही. १९५९ साली दिल्लीत दूरचित्रवाणीचे प्रयोग सुरू झाले, तेव्हाच्या पहिल्या मंडळींत पु. ल. देशपांडे होते. भारतीय दूरचित्रवाणीसाठी पंडित नेहरूंची पहिली मुलाखत त्यांनी घेतली. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई केंद्र सुरू झालं आणि त्याच दशकात चिमणराव आणि गुंड्याभाऊ घराघरांत आले. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ती जोडी अशी उभी केली की पुढच्या पिढ्यांना चिमणरावांचा दुसरा चेहरा सुचत नाही. मूळ लेखक चिं. वि. जोशी बडोद्यात पाली शिकवणारे विद्वान; १९६३ सालीच ते गेले होते. दूरदर्शनवरचा आपला चिमणराव त्यांनी पाहिला नाही. पण पुस्तकातली गोष्ट अर्ध्या तासाचा प्रसंग आपोआप होत नाही. निवेदनात लपलेला विनोद संवादात आणावा लागतो, पुस्तकातला चिमणराव स्वतःबद्दल जे सांगतो ते पडद्यावर त्याच्याकडून घडवून घ्यावं लागतं. हे रूपांतर म्हणजे स्वतंत्र लेखनच. ते करणाऱ्यांची नावं आज किती जणांना सांगता येतील?

त्या काळी टेप महाग होती. एका कार्यक्रमावर दुसरा मुद्रित करायचा, ही तेव्हाची रीत त्या वेळच्या निर्मात्यांनीच पुढे सांगितली आहे. बीबीसीनेही तेच केलं होतं. रे गाल्टन आणि अॅलन सिम्पसन ही इंग्लंडमधली मोठी लेखकजोडी. दोघं पोरवयात क्षयरोगाच्या सॅनेटोरियममध्ये भेटले आणि पुढे कित्येक वर्षं जोडीने लिहीत राहिले. त्यांची ‘स्टेप्टो अँड सन’ ही भंगारवाल्या बापलेकांची मालिका १९६२ साली सुरू झाली. सत्तरच्या सुमाराचे तिचे अनेक रंगीत भाग बीबीसीने पुसून टाकले. आज ते पाहायला मिळतात ते कृष्णधवल, कारण लेखकांनी स्वतःसाठी साध्या यंत्रावर प्रती करून घेतल्या होत्या. प्रचंड मोठ्या संस्थेने जे घालवलं ते दोन लेखकांनी आपल्यापाशी जपलं. आपल्याकडच्या किती लेखकांच्या कपाटात तेव्हाच्या हस्तलिखित संहिता असतील, आणि किती घरांत त्या जागेअभावी रद्दीत गेल्या असतील, याचा विचार केला की जीव कासावीस होतो. दृश्य गेलं तरी संहिता राहिली तर मालिका पुन्हा उभी राहू शकते. दोन्ही गेलं तर काही उरत नाही.

२०२४ च्या नोव्हेंबरात गोव्यात, इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटनाला, आपण ‘वेव्ह्ज’ हे ओटीटी व्यासपीठ सुरू केलंत. जुना ठेवा लोकांसाठी उघडण्याचा तो निर्णय मला मनापासून आवडला. माझं मागणं त्याच निर्णयाला धरून आहे. प्रत्येक मालिकेच्या पानावर कलाकारांच्या आधी किंवा बरोबरीने कथा, पटकथा, संवाद यांची नावं वेगवेगळी आणि पूर्ण असावीत. भागागणिक लेखक बदलले असतील तर भागागणिक. टीव्हीवर पुनर्प्रक्षेपण होईल तेव्हा श्रेयनामावली कापू नये, तिच्यावर पुढच्या कार्यक्रमाची जाहिरात चढवू नये, आणि लेखकाचं नाव वाचून होईपर्यंत ते पडद्यावर थांबू द्यावं. याला काही सेकंद लागतात.

पैशाचं मागणंही स्पष्टच करतो. ‘श्रीमान श्रीमती’सारख्या मालिकांची मालकी निर्मात्यांकडे असू शकते, तिथे आपण थेट लेखकाला बांधील नाही, हे मला कळतं. पण दाखवण्याचा परवाना आपण घेता तेव्हा करारात एक कलम घालता येईल: लेखकाचा किंवा त्याच्या वारसांचा वाटा दिल्याचा कागद निर्मात्याने सादर करावा, मगच उरलेली रक्कम मिळेल. दूरदर्शनची स्वतःची निर्मिती असेल तिथे तर मधे कुणीच नाही. आपल्यासारखा मोठा खरेदीदार असं कलम घालतो म्हटल्यावर खासगी वाहिन्यांना ते नाकारणं अवघड जाईल. मुंबईत स्क्रीनरायटर्स असोसिएशन आहे. तिच्या मंडळींना बोलावून दर ठरवता येतील.

आणि एक काम असं आहे की ज्याला कुठल्या कराराचीही वाट पाहायला नको. विनोदी मालिका लिहिणारे जे लेखक आज आपल्यात आहेत त्यांच्या सविस्तर मुलाखती मुद्रित करून ठेवा. ‘देख भाई देख’ लिहिणारे लिलिपुट यांना लोक नट म्हणूनच जास्त ओळखतात. तीन पिढ्यांचं ते भरलेलं घर त्यांनी कसं बांधलं हे त्यांच्या तोंडून ऐकायला मिळावं. दृश्य कसं सुचलं, कुठला पंच शेवटच्या क्षणी बदलला, कुठल्या भागाला मंजुरी मिळेना, कुणासोबत बसून लिहिलं, हे सगळं विचारायला विनोद जाणणारा माणूस बसवा. वरळीच्या दूरदर्शन केंद्रात मंजुरीसाठी आलेल्या जुन्या संहितांच्या फायली असतील तर त्या आधी कोरड्या जागी हलवा, मग स्कॅन करा. ज्या घरांत कागद आहेत तिथल्या कुटुंबीयांना पत्र पाठवून विचारा. बहुतेक जण आनंदाने देतील. वरळीहून अंधेरी-गोरेगाव फार लांब नाही, आणि तिथे राहणारे बरेच लेखक आता सत्तरीपार आहेत. हे काम या वर्षीच्या अंदाजपत्रकात बसवावं, ही विनंती.

कळावे,

आपल्या दूरदर्शनचा एक जुना मराठी प्रेक्षक